पर्यटन महामंडळाने गर्दी वाढवायची की आवरायची?

रानवाट | शनिवार, रात्री ९:४०

पावसाळा सुरू झाला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या हमखास शेजारी-शेजारी येतात. एक, 'या शनिवार-रविवारी कुठे जाल?' आणि दुसरी, धबधबे, धरणं, घाट यांवर जिल्हाधिकाऱ्यांची बंदी. बोलवायचंही आपणच आणि हाकलायचंही आपणच.

जून २०२४ मध्ये भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. जून २०२५ मध्ये कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांसकट इंद्रायणीत कोसळला, चार जण दगावले. त्याच्या पुढच्याच महिन्यात आपल्या पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. बातमी वाचून आनंद झालाच, पण पाठोपाठ आठवल्या त्या लोहगडाच्या पायऱ्या. २०२३ च्या जुलैत तिथे माणसं तासन्तास अडकून पडली होती. तेव्हा तर कुठली यादीही नव्हती.

आता प्रश्न. पर्यटन महामंडळ असो की पर्यटन संचालनालय, त्यांचं यश आजवर 'किती पर्यटक आले' यावर मोजलं जातं. मग निसर्ग, गाव आणि गड टिकतील असा प्रवास व्हावा म्हणून ही यंत्रणा काय करू शकेल? समजा, तुम्हाला एका वर्षासाठी तिथल्या खुर्चीत बसवलं. पैसे बेताचे, अधिकार त्याहून बेताचे. काय कराल?

माझं मत आधीच सांगून टाकतो: लोणावळा, सिंहगड, महाबळेश्वर यांची जाहिरात पूर्ण बंद करा आणि तो पैसा बसगाड्यांवर घाला.

एक अट. 'प्रबोधन करावं' आणि 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' ही दोन उत्तरं बाद.

पेठेतला | शनिवार, रात्री ९:५८

'शिस्त नाही' हे उत्तर बाद केल्यावर पुणेकराने प्रतिसाद द्यायचा तरी कशाच्या जोरावर?

मुक्ता_वि | शनिवार, रात्री १०:२१

बसगाड्यांच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. त्यातही नवीन काही काढायच्या आधी जे आहे ते लोकांना नीट सांगा की!

लोहगडाला जायला गाडी लागतच नाही. लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, भाजे गावातून लेणी बघून चालत वर. येताना भूक लागली तर भाज्यात जेवायचं. सिंहगडाच्या पायथ्याला पीएमपीची ५० नंबरची बस जाते. राजगडासाठी स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी आणि मार्गासनीला उतरून पुढची सोय. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पासही कितीतरी वर्षं चालू आहे. पर्यटनाच्या पोस्टरवर यातलं काही कधी वाचलंय कुणी? पोस्टरवर ढग असतात, ढगातून डोकावणारा बुरूज असतो आणि खाली एक घोषवाक्य. जायचं कसं, शेवटची परतीची गाडी किती वाजता, वर पाणी आहे का, स्वच्छतागृह आहे का, यातलं अक्षरही नाही.

स्वच्छतागृहाचं तर मी मुद्दाम लिहितेय. तुम्ही पुरुष मंडळी 'निसर्गाचा समतोल' वगैरे लिहिता. आमच्यासाठी प्रवासाचा निर्णय तिथेच होतो. सार्वजनिक गाडीने जायचं आणि सात-आठ तास कुठेही सोय नाही म्हटलं की घरातली बाई म्हणते, आपली कार काढा, वाटेत हॉटेलवर थांबता तरी येतं. म्हणजे एक स्वच्छतागृह बांधलं, त्यात पाणी ठेवलं आणि झाडायला पगारी माणूस नेमला, की रस्त्यावरच्या दहा गाड्या कमी होतात. याला का नाही कुणी पर्यावरणाचं काम म्हणत?

स्टेअरिंग | शनिवार, रात्री १०:४७

वाईटपणा घेतो. सोबत सत्तरीचे वडील, पाच वर्षांची मुलगी, तिचे दोन वेळचे कपडे, औषधं आणि छत्र्या. यांना घेऊन मी वेल्ह्याच्या एसटीत चढू? लोकलला दुपारच्या वेळी केवढा मोठा खंड असतो हे मुक्ताताईंनी सांगितलं नाही. सकाळी गड बघून अकराला खाली आलात तर मळवलीच्या फलाटावर बसून राहा.

आणि सिंहगडावर प्रयोग झालाय हा. मे २०२२ मध्ये खासगी गाड्या बंद करून पायथ्यापासून इलेक्ट्रिक बस सोडल्या. त्याच महिन्यात गुंडाळल्या. घाटातली वळणं, चार्जिंग, रविवारची रांग, काहीच जमलं नाही. गाडीवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे हो.

रानवाट | शनिवार, रात्री १०:५५

@स्टेअरिंग, शिव्या कुणी घातल्या नाहीत अजून. धागा तरुण आहे, येतील.

सिंहगडाबद्दल मात्र उलट वाचन आहे माझं. दोन आठवड्यांत बंद पडला तो प्रयोग नव्हताच, तो शुभारंभ होता. एक अख्खा पावसाळा आणि एक हिवाळा चालवून बघायला हवा होता, सुरुवातीला फक्त मधल्या वारी. पहिल्याच दिवशी सगळ्या गाड्या बंद केल्या तर बोंब होणारच.

साताऱ्याची_सून | रविवार, सकाळी ७:१५

कासचं उदाहरण कुणीच कसं काढलं नाही? २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारसा झाल्या त्यात महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. पैकी कासवर लोंढा आला. जांभा खडक, त्यावर वीतभरही माती नाही, आणि त्या मातीत वर्षातले जेमतेम दोन-अडीच महिने फुलणारा पसारा. तेरडा, सीतेची आसवं, कंदीलपुष्पं. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा. त्यात लोक सेल्फीसाठी आडवे झोपायचे.

मग दिवसाला ३००० माणसांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, गाड्या लांब उभ्या करायच्या. राबवतात कोण, तर वनखात्यासोबत आजूबाजूच्या गावांच्या समित्या. तिकिटाचा पैसा तिथेच फिरतो, गावातल्या पोरांना हंगामात काम मिळतं. त्यामुळे 'फुलात पाय टाकू नका' असं जो सांगतो त्याचा त्यात जीव असतो.

पण हेही लिहिते, म्हणजे कासचे पोवाडे नकोत. मधल्या काळात पठाराला तारेचं कुंपण घातलं होतं. गुरं आत जाईनात. गवत माजलं, फुलं कमी झाली अशी ओरड झाली आणि शेवटी ते कुंपण काढलं. जनावरं चरत होती म्हणूनच फुलांना जागा मिळत होती, हे गुराख्यांना आधीपासून माहीत होतं. पर्यटनाची यंत्रणा काही राखायला निघते तेव्हा तिने आधी गावात बसून ऐकावं, एवढंच.

बे_एरियातला_बाळू | रविवार, सकाळी ८:०३

भूतानचं मॉडेल बघा. परदेशी पर्यटकाकडून रात्रीला १०० डॉलर शाश्वत विकास शुल्क. कमी माणसं, जास्त उत्पन्न. व्हेनिसनेही २०२४ पासून गर्दीच्या दिवशी नुसतं शहर बघून जाणाऱ्यांना ५ युरो लावले. आपल्याकडे सगळं फुकट हवं, तिथेच गाडं अडतं.

पेठेतला | रविवार, सकाळी ८:११

राजगडाला शंभर डॉलर! महाराजांनी स्वतः खाली येऊन वसुली करणाऱ्याचा सत्कार केला असता.

हिशेबनीस | रविवार, सकाळी ९:३०

बाळू, तिकीट महाग केलं की गर्दी कमी होते हे खरं, पण कोण कमी होतो ते बघा. पवना धरणाच्या काठचा तंबू माणशी दोन-अडीच हजार देऊन घेणारा कमी होत नाही. कमी होते ती एसटीने येणारी शाळा, पाठीवर शिधा घेऊन येणारी कॉलेजची पोरं आणि वारीसारखी पायी येणारी गडप्रेमी मंडळी. सगळ्यात कमी त्रास देणारी माणसं आपण आधी बाहेर काढणार.

जवळचं उदाहरण घ्या, तमिळनाडूचं. उटी आणि कोडाईकनालला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून ई-पास आला. २०२५ च्या उन्हाळी हंगामात निलगिरीत बाहेरच्या गाड्यांना मर्यादा घातली: एरवी दिवसाला ६०००, शनिवार-रविवारी ८०००. आता यातली गंमत बघा. मोजतात गाड्या. सरकारी बसने किंवा रेल्वेने येणाऱ्याला पास लागत नाही. म्हणजे गरिबाची वाट मोकळी, आणि गाडीवाल्याला घरून निघायच्या आधीच कळतं की आज जागा आहे की नाही. स्टेअरिंग यांच्या वडिलांचा प्रश्नही सुटतो. ज्याला गाडी लागतेच त्याने आधी नोंदणी करावी, बाकीच्यांनी बस धरावी.

ताम्हिणी, लोणावळा, सिंहगड या तीन रस्त्यांना जून ते सप्टेंबर हे करून बघायला हरकत काय?

स्टेअरिंग | रविवार, सकाळी ९:४४

हे पटतं. चांदणी चौकात दोन तास घालवून मग ताम्हिणीत पोलिसांनी परत फिरवण्यापेक्षा घरीच कळलेलं बरं. भजी घरी तळू.

खादाडखाऊ | रविवार, सकाळी ९:५१

भज्यांचा विषय निघालाच आहे तर, सिंहगडावर पिठलं-भाकरीचं ताट हल्ली कितीला पडतं? आणि मडक्यातलं दही अजून मडक्यातच मिळतं ना?

पेठेतला | रविवार, सकाळी ९:५५

मिळतं. पण हातात प्लॅस्टिकचा चमचा ठेवतात. २०१८ ची प्लॅस्टिकबंदी गडाच्या पायथ्याशी दम लागून बसली असावी.

खादाडखाऊ | रविवार, सकाळी १०:०२

राजगडावर म्हणे आता मॅगी जास्त खपते. धर्म बुडाला.

मुक्ता_वि | रविवार, सकाळी १०:२०

हसण्यावारी नेऊ नका. भाकरीचं पीठ गावात दळलं जातं, चूल गावातल्या बाईची. मॅगीचा नफा कुठे जातो आणि कागद कुठे उडतो ते वेगळं सांगायला नको. केरळने हेच पकडलं. कुमरकोमला २००८ मध्ये 'जबाबदार पर्यटन' सुरू केलं, त्यात हॉटेलांनी भाजी, मासे, नारळ आसपासच्या बचत गटांकडून घ्यायचे अशी साखळी बसवली. पुढे २०१७ मध्ये त्याचं स्वतंत्र मिशन केलं. आपल्या महामंडळाची पानशेत, कार्ला, माळशेज, महाबळेश्वर इथे स्वतःची निवासं आहेत. सुरुवात घरातून करा ना. तिथली ज्वारी, तांदूळ, भाजी कुठून येते हे पाटीवर लिहा. मावळात इंद्रायणी तांदूळ पिकतो, मुळशीत आंबेमोहोर, आणि पाहुण्याच्या ताटात कुठला तरी पुलावाचा लांब दाणा.

पायथ्याचा_माणूस | रविवार, दुपारी १:३५

मी राजगडाच्या बाजूच्या एका गावातला. इथं पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

वर सगळे म्हणताहेत गर्दी कमी करा. बरोबर आहे. पण आमच्याकडं पावसाळ्यात भातलावणी आणि पाव्हणा एकदमच येतो. शनिवारी रात्री दोन वाजता गाड्या सुरू होतात. खाचराच्या बांधावर चाकं घालून गाडी लावतात आणि वर म्हणतात, पार्किंग नाही तर आम्ही काय करणार. बांध फुटला की पाणी जातं, रोप जातं. पोलिसांना तरी किती वेळा बोलवायचं? तरी पण पाव्हणा नको असं गावात कुणी म्हणत नाही, कारण पोरं त्यामुळंच पुण्याला न जाता थांबलीत.

खरं दुखणं वेगळं आहे. हल्ली जास्त लोक ट्रेक काढणाऱ्या ग्रुपबरोबर येतात. माणशी हजार-बाराशे पुण्यातच घेतलेले असतात. बस पुण्याची, पुढारी पुण्याचा, नाष्टा पुण्याहून बांधून आणलेला. आमच्या वाट्याला काय, तर जेवणाचं ताट, आणि त्यातही ऐंशी माणसं आणतो म्हणून भाव पाडून मागतात. जाहिरातीत मात्र 'गावच्या चुलीवरचं जेवण' म्हणून आमच्याच घराचा फोटो. ऐंशी माणसांच्या पत्रावळ्या, बाटल्या, त्यांना लागणारं पाणी आमचं. एप्रिलमध्ये आमच्याच बाया हंडे घेऊन लांब जातात, तेव्हा पाव्हण्याला अंघोळीला गरम पाणी कुठनं द्यायचं?

सरकारला सांगायचं असेल तर एवढंच सांगा. धंदा म्हणून जो माणसं आणतो त्यानं आधी नोंद करावी, माणशी ठरलेली रक्कम ग्रामपंचायतीत भरावी आणि दर पंधरा-वीस माणसांमागं गावातला एक वाटाड्या घ्यावा. पैसा पंचायतीतच राहू द्या, जिल्ह्याला गेला की आम्हाला परत दिसत नाही. एकटा-दुकटा येणाऱ्याकडनं काही नको. तो तसाही घरात बसून चहा घेतो, चार गोष्टी विचारतो.

रानवाट | रविवार, दुपारी १:५०

@पायथ्याचा_माणूस, काही चुकलेलं नाही. धाग्यातला पहिला प्रतिसाद, ज्यात गावाकडून हिशेब मांडलाय. ही सूचना मी उचलतोय.

शनिवारचा_ट्रेकलीडर | रविवार, दुपारी २:४०

दुसरी बाजूही ऐका. मी असे ट्रेक काढतो. हजारातले बसभाडं, विमा, प्रथमोपचार आणि दोन सहकाऱ्यांचं मानधन गेलं की फार उरत नाही. आणि ऐंशी माणसं दोनच बसमध्ये येतात. तीच वीस-पंचवीस गाड्यांनी आली असती. पंचायतीत पैसे भरायला ना नाही, पण पावती हवी आणि दर सगळ्या गावांत सारखा हवा. आज एका गावात पन्नास, उद्या शेजारच्या गावात दोनशे, आणि मध्येच कुणीतरी झेंडा लावून उभा, असं नको. हा दर ठरवणं आणि पावतीपुस्तक एकच ठेवणं, हे पर्यटनवाल्यांचं काम होऊ शकतं.

पायथ्याचा_माणूस | रविवार, दुपारी ३:०५

पावतीचं मान्य. झेंडेवाले गावचे नसतात बहुतेक वेळा.

फाईलवाले_काका | रविवार, सायंकाळी ५:१२

चर्चा चांगली चालली आहे, फक्त ज्याला पत्र लिहायचं त्याच्या हातात काय आहे ते ध्यानात घ्या. आयुष्य मंत्रालयातल्या फायलींत गेलं म्हणून सांगतो.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ चं, ती सरकारी कंपनी आहे. निवासं चालवणं, पर्यटन उत्पादनं विकणं हा तिचा व्यवसाय. धोरण, परवानगी, नोंदणी, प्रसिद्धी हे पर्यटन संचालनालयाकडे. आता लोहगड घ्या. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा, भोवतीचं रान वनखात्याचं, रस्ता बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा, बंदी आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा, लोकल रेल्वेची. राजगड म्हणाल तर तो राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. धरणाचा काठ जलसंपदाचा. एसटी परिवहन खात्याखाली. म्हणजे पर्यटन खात्याच्या मालकीचं तिथे काय, तर पोस्टर.

पण पोस्टर ही लहान गोष्ट नाही. रानवाट यांनी जाहिरात बंद करा म्हटलं, मी म्हणतो तीच फिरवा. कुठे, केव्हा आणि कसं जावं हे सुचवण्याची ताकद फक्त या खात्याकडे आहे. दुसरं हत्यार म्हणजे नोंदणी. 'निवास व न्याहारी' योजना जुनी आहे, २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आलं, २०२४ मध्ये नवं पर्यटन धोरण. प्रत्येकात सवलती आहेत. सवलत देताना सांडपाणी कुठे सोडता, कचरा कोण उचलतो, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद असतो का, एवढं तपासलं तरी पुष्कळ. कायदा नवा लागत नाही, तपासणीचा अर्ज एक पान लांब करावा लागतो.

डोंगरझाड | रविवार, सायंकाळी ६:२०

काकांना दंडवत. ध्वनिवर्धकाचं वाचून बरं वाटलं. आपण सगळे गडांवरच अडकलोय. पवनेच्या काठी आणि मुळशीत शनिवारी रात्री जाऊन बघा. तंबूंच्या रांगा, प्रत्येक रांगेचा वेगळा डीजे, जनरेटर, झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा. 'कृषी पर्यटन' पाटी लावलेल्या काही जागांत कृषी म्हणजे तरणतलावाशेजारी ठेवलेली बैलगाडी. अशांना सवलत कशाची?

सहा_पायांचा | रविवार, सायंकाळी ७:०२

माळांचा विषय निघाला म्हणून काजव्यांबद्दल लिहितो, कारण तिथे पर्यटन खातं थेट काहीतरी बिघडवू किंवा सुधारू शकतं.

मेअखेर ते जूनमध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी भागात काजवे बघायला झुंबड उडते. नर चमकतो तो मादीला खूण म्हणून. गवतातली मादी उत्तर देते. या संवादासाठी त्यांच्याकडे मोजक्या रात्री असतात, कारण प्रौढ काजवा फार जगत नाही. आयुष्याचा मोठा भाग अळी म्हणून ओल्या पाचोळ्यात, गोगलगायी खाण्यात गेलेला असतो. अशा वेळी घाटातून शंभर गाड्या हेडलाइट लावून आल्या की खुणा दिसतच नाहीत. वाट सोडून चालणाऱ्यांच्या पायाखाली माद्या आणि अळ्या चिरडतात ते वेगळंच. हे नुकसान त्या वर्षी दिसत नाही, पुढच्या काही हंगामांत दिसतं.

म्हणून 'काजवा महोत्सव' या शब्दांचं पोस्टर छापूच नये. पुरुषवाडीत गावकऱ्यांबरोबर अनेक वर्षं जे चाललंय ते पुरे आहे: गावात मुक्काम, गाडी गावातच, रात्री वाटाड्यासोबत पायी.

कोकणातल्या वेळासचंही तसंच. २००२ पासून भाऊ काटदरे आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची घरटी राखायला घेतली. पर्यटक बऱ्याच नंतर आले, आणि ते गावातल्या घरांत राहिले. आधी कासव, मग पाहुणा. हा क्रम उलटला की संपलं.

बे_एरियातला_बाळू | रविवार, सायंकाळी ७:३०

मग कमी माहितीच्या जागा पुढे आणून गर्दी वाटून द्या. सगळे एकाच ठिकाणी कशाला?

डोंगरझाड | रविवार, सायंकाळी ७:३८

नको रे बाबा! देवकुंड धबधब्याचं काय झालं? पंधरा वर्षांपूर्वी भिरा गावापलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ फिरले, लोक बुडाले, आता पावसाळा आला की बंदी. कमी माहितीची जागा म्हणजे जिथे कचरा उचलायला अजून कुणी नेमलेलं नाही अशी जागा.

साताऱ्याची_सून | रविवार, रात्री ८:१०

दोघांच्या मधलं काहीतरी आहे. गर्दी वाटायची असेल तर धबधब्याकडे नको, बाजारपेठेच्या गावाकडे वळवा. जुन्नर, भोर, वाई, सासवड. एसटी स्टँड आहे, दवाखाना आहे, खानावळी आहेत, नगरपालिका आहे, पेठेत फिरता येतं. अशा गावाला शंभर माणसं जास्त आली तर दुकानदार खूश होतो, ओढा मरत नाही.

जुन्नरला तर २०१८ मध्ये विशेष पर्यटन क्षेत्र जाहीर केलंय. आसपास दोनशेच्या वर लेणी, शिवनेरी, नाणेघाट, हिवाळ्यात द्राक्षं. दोन दिवस सहज जातात आणि मुक्काम झाला की पैसा गावात राहतो. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणारा माणूस काय ठेवून जातो, तर बाटली.

हिशेबनीस | रविवार, रात्री ८:३३

+१. आणि मुक्काम मोजा, माणसं नको. खात्याच्या अहवालात 'पर्यटक किती आले' ऐवजी 'किती रात्री राहिले, कशाने आले, गावातल्या किती घरांना पैसे मिळाले' हे रकाने आले की बाकी पुष्कळ गोष्टी आपोआप वळतील. जे मोजतात त्यावरच साहेबाची बढती.

फाईलवाले_काका | रविवार, रात्री ८:४०

बढती सेवाज्येष्ठतेवर असते हो. पण रकान्याचं मान्य.

माथेरानी | रविवार, रात्री ९:०५

उशिरा आलो. गाड्या बंद करणं अशक्य म्हणणाऱ्यांनी माथेरान बघावं. दस्तुरी नाक्यापुढे मोटार नाही, पुढे चाला, घोडा करा किंवा १९०७ च्या छोट्या गाडीने नेरळहून या. पण तिथेही सगळं गुण्यागोविंदाने नाही. वर्षानुवर्षं माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत त्या बंद करा म्हटलं, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या म्हटलं. त्यावर घोडेवाल्यांचं काय, रस्त्याला पेव्हर ब्लॉक लावायचे की नाही, असे वाद आहेतच. हवा स्वच्छ ठेवताना कुणाच्या पाठीवर भार पडतो तेही बघायला लागतं.

रानवाट | रविवार, रात्री १०:१५

जिल्ह्याच्या पर्यटन कार्यालयाला पत्र पाठवायचं म्हणतोय. सतरा मागण्या लिहिल्या तर एकही वाचली जाणार नाही, म्हणून तीनच: व्यावसायिक ग्रुपची नोंदणी आणि ग्रामपंचायतीला एकसारख्या दराने पावतीसह रक्कम. पोस्टरवर आणि संकेतस्थळावर प्रत्येक ठिकाणाखाली बस, लोकल, परतीची वेळ आणि स्वच्छतागृह. पावसाळ्यात एका रस्त्यावर, समजा ताम्हिणीला, गाड्यांचा ई-पास, बसला सूट.

जाहिरात बंद करण्याचा माझा मुद्दा मीच मागे घेतो, काकांचा 'फिरवा' जास्त शहाणपणाचा आहे.

मुक्ता_वि | रविवार, रात्री १०:२२

स्वच्छतागृह 'दाखवा' नको, 'बांधा आणि चालवा' लिहा. नसलेली गोष्ट नकाशावर दाखवून काय करणार? आणि झाडणाऱ्याचा पगार कोण देणार हेही त्याच ओळीत.

सहा_पायांचा | रविवार, रात्री १०:३०

काजवे कुठे गेले यादीतून?

रानवाट | रविवार, रात्री १०:३४

ते अहिल्यानगर जिल्ह्यात येतात, वेगळं पत्र. मसुदा तुम्ही लिहा, मी सही गोळा करतो.

स्टेअरिंग | रविवार, रात्री १०:४९

बरं, साताऱ्याच्या वहिनींनी जुन्नरचं इतकं छान लिहिलंय की वडील म्हणाले जाऊया. मधल्या वारी, एसटीने, एक मुक्काम. गाडी शिवाजीनगर स्टँडवरूनच ना?

फाईलवाले_काका | रविवार, रात्री १०:५३

वाकडेवाडीवरून. मेट्रोच्या कामात स्टँड तिकडे गेला. वडिलांचं आधार कार्ड बरोबर घ्या, पंचाहत्तरी झाली असेल तर तिकीट पडणार नाही.

खादाडखाऊ | रविवार, रात्री १०:५८

आणि नारायणगावला बस थांबली की मिसळीसाठी खाली उतरू नका. कंडक्टर थांबत नाही. येताना खा.